दोन लागले, तिसरं हुकलं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीकडचा. सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली बारा कॅश काउंटरवर. सध्या न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे आलो आहे, सप्टेंबरअखेर परतीचं तिकीट आहे. नातू २२ वर्षांचा. मे महिन्यातच ग्रॅज्युएट झाला, ऑगस्टमध्ये नोकरीवर रुजू होईल. आमचं दोघांचं चांगलं जमतं. बास्केटबॉल मला त्यानेच शिकवला. आता तीन गुणांचा थ्री कुठला आणि दोन गुणांचा टू कुठला हे मला न विचारता कळतं.

२१ मे २०२५ च्या रात्री न्यूयॉर्क निक्स आणि इंडियाना पेसर्स या टीमची मॅच आम्ही दोघंच बेसमेंटमध्ये बसून पाहत होतो. निक्स चौदा गुणांनी पुढे होते आणि तीन मिनिटंही उरली नव्हती. मी म्हटलं, चला, जिंकलो, झोपू या. तो काही बोलला नाही. त्याचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं, हातातल्या फोनकडे होतं. पुढे निक्स हरले तेव्हा पोराच्या तोंडावरचा रंग उडाला. मग त्याने मला फोन दाखवला. चारशे डॉलर लावले होते. निक्सच्याच ब्रन्सनचे ३० च्या वर गुण, टाउन्सचे २० च्या वर आणि निक्सचा विजय, तिन्ही एकत्र जमलं तरच पैसे. "आजोबा, दोन लागले, तिसरं हुकलं," हे एकच वाक्य तो रात्रभर म्हणत राहिला.

चार दिवसांनी त्याने माझ्याकडे सहाशे डॉलर मागितले. आई-बाबांना सांगू नका म्हणाला. मी दिले. तेव्हापासून मला झोप नाही. तो म्हणतो, इथे हे कायदेशीर आहे. मग लपवायला का सांगतो? तो म्हणतो, मला खेळ कळतो, ही काही लॉटरी नव्हे. खेळ कळणाऱ्याला यात खरंच पैसे मिळतात का? फोनवर जिथे तिथे 'वजा ११०' लिहिलेलं असतं, ते काय? आणि मुलाला-सुनेला सांगू की नको?
— एक आजोबा, मुक्काम एडिसन

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ती मॅच मीही पाहिली होती. मी न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली सतरा वर्षं मुलींच्या बास्केटबॉल टीमचं स्कोअरबुक लिहिलं. त्यामुळे प्लेऑफची मॅच असली की अजूनही मी पेन्सिल घेऊनच बसते. त्या रात्रीचं पान माझ्याकडे आहे. पेसर्सच्या नेस्मिथपुढे चौथ्या क्वार्टरच्या रकान्यात ३ हा आकडा सहा वेळा लिहिलाय, शेवटी शेवटी जागा पुरली नाही. मग पेसर्सच्याच हॅलिबर्टनचा तो शॉट. बॉल रिमच्या मागच्या कडेवर आदळला, पार बॅकबोर्डच्या वर उडाला आणि सरळ खाली जाळीत पडला. त्याला वाटलं थ्री झाला, जिंकलो. गळ्याशी हात नेऊन त्याने जल्लोषही केला. रिप्ले पाहिला तर पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. म्हणून दोनच गुण, १२५-१२५, आणि ओव्हरटाइममध्ये पेसर्स १३८-१३५ ने जिंकले.

ब्रन्सनने ४३ केले, टाउन्सने ३५. म्हणजे तुमच्या नातवाचे दोन अंदाज नुसते बरोबर नव्हते, भरपूर बरोबर होते. त्याला खेळ कळतो. हे मी आधी लिहिते, कारण घरची माणसं बहुतेक वेळा इथूनच चुकतात. "तुला काय कळतंय?" असं म्हणतात. त्याला कळतंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे पुढचं तो ऐकतच नाही.

पण ब्रन्सन तिशी ओलांडेल हे ओळखणारा तो एकटा नव्हता. ज्यांनी तो तीसचा आकडा ठरवला, त्यांनाही हे ठाऊक होतं, आणि ते ठाऊक होतं म्हणूनच जिंकल्यावर मिळणारी रक्कम त्यांनी तेवढी कमी ठेवली होती. ब्रन्सनचा फॉर्म, टाउन्सचा गुडघा, निक्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली गर्दी, जे जे नातवाला माहीत आहे ते सगळं त्या भावात आधीच मोजलेलं असतं. त्याची पैज पेसर्सविरुद्ध नसते, ती त्या भावाविरुद्ध असते.

आता वजा ११०. तुम्ही कॅशवर बसलेले, तुम्हाला हे लगेच कळेल. शंभर डॉलर मिळवायचे असतील तर एकशे दहा लावायचे, एवढाच त्याचा अर्थ. एक माणूस एका बाजूने ११० लावतो, दुसरा दुसऱ्या बाजूने ११०. कंपनीच्या गल्ल्यात २२० जमा. जो जिंकेल त्याला त्याचे ११० आणि वर १००, म्हणजे २१० परत. दहा गल्ल्यातच राहिले. मॅच कोणीही जिंको.

समजा, नातवाने अशा शंभर पैजा लावल्या आणि ५२ जिंकल्या. निम्म्याहून जास्त वेळा तो बरोबर आला. आले ५,२००. उरलेल्या ४८ वेळा ११० प्रमाणे गेले ५,२८०. बरोबर येऊन येऊन ऐंशी डॉलर खिशातून गेले. ५३ जिंकल्या तर १३० डॉलर वर. नफा-तोट्याची रेघ ५२.४ टक्क्यांवर आहे, आणि ती वर्षानुवर्षं सतत ओलांडणारी माणसं फार म्हणजे फार थोडी. जी ओलांडतात त्यांचं काय होतं हेही नातवाला विचारा, त्याला माहीत असेल : सतत जिंकणाऱ्याला किती पैसे लावू द्यायचे, ती मर्यादा कंपन्या खाली आणतात. हरणाऱ्याला मात्र बोनस पाठवतात.

हे झालं एकेका पैजेचं. तुमच्या नातवाने लावली ती पार्ले, म्हणजे तीन पैजा एकाच दोरीत ओवलेल्या. इथे माझं गणित आणि माझं लहानपण एकत्र येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी लालबागची. वडील गिरणीत साच्याखात्यात होते आणि मटका खेळायचे. त्या मटक्याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. १९६१ पर्यंत न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांवर आकडा लागायचा. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. ते भाव यायचे बंद झाले, मग चिठ्ठ्या आल्या, पत्ते आले. आमच्या चाळीत एका आकड्यावर रुपया लावला आणि तो फुटला की नऊ रुपये हातात पडायचे. आकडे दहा, पैसे नऊ. म्हणजे रुपयामागे दहा पैसे मटकेवाल्याचे. ओपन-क्लोजच्या जोडीचंही तेच, शंभर जोड्या आणि पैसे नव्वद पट.

आता नातवाचा हिशेब करू. वजा ११० च्या तीन पैजांची पार्ले लावली आणि प्रत्येक पैज समसमान शक्यतेची धरली, तर तिन्ही लागण्याची शक्यता आठात एक. शंभर लावले तर आठशे मिळायला हवेत. मिळतात सुमारे ६९६. शेकडा तेरा डॉलर कंपनीचे. पाच पैजांची केली तर शेकडा वीसच्या वर. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला. माझ्या आईने ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या त्या मटक्याचा काप दहा टक्के होता, आणि तुमच्या नातवाच्या फोनवरच्या रंगीत पार्लेचा तेरा. एकाच मॅचमधल्या तीन गोष्टी ओवल्या की हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो आणि भाव काय द्यायचा हे पूर्णपणे कंपनीच ठरवते. नातवाला लॉटरी शब्दाचा राग येतो ना, मग हा हिशेब त्याने स्वतः कागदावर करावा. त्याला येईल तो.

"दोन लागले, तिसरं हुकलं" या वाक्यावर मी थांबले. वडिलांनी एकदा जोडी लावली होती. ओपन लागला. मग रात्री क्लोज फुटेपर्यंत ते गॅलरीत उभे होते, मी दाराआडून बघत होते. सात हवा होता, आठ फुटला. त्यानंतर कितीतरी आठवडे ते म्हणायचे, "एका आकड्यानं हुकलं गं." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि मलाही ते जवळच वाटायचं. पण पत्ते पिसताना सात आणि आठ काही शेजारी बसलेले नसतात. सातला आठ जितका लांब, तितकाच दोन लांब. वडील मात्र त्या 'एका आकड्या'च्या जोरावर पुढची दोन वर्षं खेळले. पूर्ण हरला असता तर माणूस कदाचित घरी आला असता. थोडक्यात हुकलं की त्याला वाटतं आपल्याला जमत आलंय. तुमचा नातू चारशे डॉलर हरून उठला, पण त्याच्या डोक्यात त्या रात्री तो दोन-तृतीयांश जिंकलेला होता. चार दिवसांनी त्याने सहाशे मागितले ते त्या दोन-तृतीयांशाच्या बळावर.

आणखी एक. निक्स चौदाने पुढे असताना तो फोनकडे का बघत होता याचा मला अंदाज आहे. मॅच चालू असताना कंपनी 'कॅश आउट' देते : आत्ता थांबलास तर एवढे घे. तो आकडा दर काही सेकंदांनी बदलतो. घ्यावं की थांबावं, घ्यावं की थांबावं, हेच त्या तीन मिनिटांत त्याच्या मनात चाललेलं असणार. शेजारी तुम्ही बसला होता, समोर अशी मॅच चालली होती की तिच्या आठवणी लोक अनेक वर्षं सांगतील, आणि ती पाहणं त्याच्या वाट्याला आलं नाही. मला पैशांपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

कायद्याबद्दल. तो म्हणतो ते खरं आहे. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून राज्यांना खेळावरच्या बेटिंगला परवानगी देण्याची मनाई होती. न्यू जर्सीनेच तो खटला लढवला, १४ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला आणि बरोबर महिन्याने, १४ जूनला, इथे बेटिंग सुरू झालं. वय २१ पूर्ण हवं, तेवढी अट. मी तेव्हा शाळेत होते. आधी सोमवारी सकाळी मुलं विचारायची, "काल कोण जिंकलं?" हळूहळू प्रश्न बदलला, "कव्हर झालं का?" म्हणजे ठरलेल्या फरकाने जिंकले का. हे विचारणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची होती. घरात मोठ्यांच्या फोनवर बघून शिकलेली.

बाजारात इतका पैसा आला की तो खेळाडूपर्यंतही पोचतो. टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरचं प्रकरण नातवाला माहीत असेलच. २० मार्च २०२४ च्या मॅचमध्ये तो तीन मिनिटंही खेळला नाही, बरं वाटत नाही म्हणून बाहेर गेला. तो कमी गुण करेल, अशी ८० हजार डॉलरची पार्ले कोणीतरी आधीच लावलेली होती, ती जिंकली असती तर ११ लाख डॉलर. पुढच्याच महिन्यात एनबीएने, म्हणजे या बास्केटबॉल लीगने, त्याला आजन्म बंदी घातली. दुसरीकडे, २०२५ च्या एनबीए फायनलच्या सातव्या मॅचमध्ये, २२ जूनला, याच हॅलिबर्टनने पहिल्या सात मिनिटांत तीन थ्री मारले आणि मग टाचेची शीर तुटून तो कोसळला. कोणाचं ज्ञान इथे कामाला येणार होतं?

आता काय करायचं ते. तुम्ही सहाशे दिलेत यात पाप नाही. नातवाने मागितले, तुमच्याकडे होते, दिले. पण यापुढे एक डॉलरही देऊ नका, उसने नको, वाढदिवसाचेही रोख नकोत. हरलेले भरून काढायला मागितलेला पैसा त्याच वाटेने जातो. आईने वडिलांचं किराणावाल्याकडचं देणं एकदा स्वतःच्या पाटल्या मोडून फेडलं. दिवाळीपर्यंत नवं देणं झालं होतं. किराणावाल्याने तिला पुन्हा उधार दिलं नाही, तेव्हा मी त्याच्यावर फार चिडले होते.

सांगायचं की नाही? सांगायचंच. पण त्याच्या पाठीमागे नको. त्याला बसवा आणि म्हणा, "बाळा, मी हे पोटात ठेवू शकत नाही. येत्या रविवारपर्यंत तू बाबांना सांग. मी शेजारी बसतो. नाही सांगितलंस तर सोमवारी मी सांगेन, तुझ्यासमोर." आणि सोमवार आला तर खरंच सांगा. तो रागावेल. काही दिवस बोलणार नाही. तुम्हाला वाटेल, आपण नातू गमावला. तसं होत नाही, पण तेवढे दिवस कठीण जातील हे आत्ताच धरून चला. कायदेशीर असताना लपवतो का, हे तुम्ही विचारलंत. कारण एकूण किती गेले हा आकडा त्याने स्वतःसुद्धा कधी मांडलेला नाही, आणि तो मोठा आहे एवढं त्याला आतून कळतंय.

म्हणून रविवारच्या आधी तुम्ही दोघं तो आकडा मांडा. इथे तुमची एकतीस वर्षं कामाला येतील. ॲपमध्ये खात्याचा सगळा इतिहास असतो. जिंकलेल्या पैजांची यादी बघू नका, ती बघायला त्याला आवडेल आणि ती फसवते. दोनच रकाने पाहा : बँकेतून ॲपमध्ये गेले किती, ॲपमधून बँकेत परत आले किती. 'बोनस' म्हणून दिलेले डॉलर धरायचे नाहीत, ते पैसे नव्हेत. एकाहून जास्त ॲप असतील, बहुधा असतातच, तर प्रत्येकाचं वेगळं पान. बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घाला. क्रेडिट कार्डही तपासा. आणि तुम्ही बोट ठेवून बेरीज करू नका, बेरीज त्याला करू द्या.

तो आकडा पाहून तो म्हणाला की थांबतो, तर थांबण्याची सोय या राज्यात आहे. न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे स्वतःचं नाव एक किंवा पाच वर्षांसाठी बंद यादीत घालता येतं. मग राज्यातल्या कुठल्याच परवानाधारक ॲपवर त्याला खेळता येत नाही. मुदत संपायच्या आत मन बदललं म्हणून नाव काढता येत नाही. फॉर्म त्याने स्वतः भरायचा, तुम्ही फक्त शेजारी असा. थांबता येत नाही असं दिसलं तर १-८००-४२६-२५३७ या नंबरवर फोन करायचा, त्यालाच इथे १-८००-गॅम्बलर म्हणतात. घरच्यांनी केला तरी चालतो, तुम्हीही करू शकता. आणि तो कधी "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलला, सहज बोलल्यासारखं का होईना, तर रविवारची वाट न बघता त्याच क्षणी ९८८ ला, म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांसाठीच्या मदतीच्या नंबरला, फोन करा आणि त्याच्या आईला उठवा. कर्जाच्या ओझ्याखाली तरुण मुलं काय करून बसतात, हे मी पाहिलं आहे.

मॅच बघणं मात्र बंद करू नका. तुम्ही दोघं ज्यामुळे जवळ आलात ते तोडायची काही गरज नाही. निक्स आता ऑक्टोबरमध्ये खेळतील, तेव्हा तुम्ही सांगलीत असाल. पण ब्रुकलिनला बार्कलेज सेंटरमध्ये न्यूयॉर्क लिबर्टी या महिला टीमच्या मॅचेस सप्टेंबरपर्यंत आहेत. २०२४ च्या त्या चॅम्पियन, फायनलची पाचवी मॅच ओव्हरटाइममध्ये जिंकलेल्या मुली. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून २ किंवा ३ नंबरची सबवे थेट दारात नेते. तिकिटाचे पैसे तुम्ही द्या, तेवढे चालतील.

संपादकांकडे तुमचा पत्ता आहे. माझ्याकडे शाळेतली कोरी स्कोअरबुकं उरलीत, त्यातलं एक आजच्या टपालाने पाठवतेय. पहिल्या पानावर खुणा लिहिल्या आहेत. साधी बास्केट झाली की २, लांबची झाली की ३. फ्री थ्रो मिळाला की आधी रिकामं वर्तुळ काढायचं, आत गेला तरच ते भरायचं. एका टीमचं पान तुम्ही घ्या, दुसऱ्या टीमचं नातवाला द्या. दोन पेन्सिली टोक करून न्या, आणि प्रत्येक क्वार्टर संपला की दोघांची बेरीज वरच्या बोर्डाशी जुळते का ते बघा. पहिल्या मॅचला जुळणार नाही. माझीही जुळली नव्हती.